मोठ्या कॅमेऱ्यावरून लहान कॅमेऱ्याकडे वळताना

माझी कॅमेऱ्याची बॅग मी एकदा घराजवळच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, तेव्हा आकडा चार किलोच्या पुढे गेला आणि दुकानदाराने “यात आहे तरी काय?” असे विचारले. आत निकॉन डी७५० हा आरशाचा मोठा कॅमेरा (डीएसएलआर) होता, जो बॅटरी आणि कार्डासह ८४० ग्रॅम भरतो. त्यावर २४-१२० मिलिमीटरची ७१० ग्रॅमची लेन्स, बाजूच्या कप्प्यात ७०-३०० मिलिमीटरची ७४५ ग्रॅमची लेन्स आणि १८५ ग्रॅमची ५० मिलिमीटर. एवढ्याचेच २४८० ग्रॅम झाले होते. उरलेले वजन फ्लॅश, चार्जर, पाण्याची बाटली आणि खुद्द बॅगेचे होते. खांदा दुखतो ही तक्रार होतीच, पण तिच्याहून मोठी गोष्ट अशी की सकाळी सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावावर फिरायला निघताना मी ही बॅग उचलणेच बंद केले होते आणि चांगल्या उजेडाच्या वेळी माझा चांगला कॅमेरा घरातल्या कपाटात असे. ज्यांची अवस्था अशी झाली आहे आणि ज्यांचे पोट कॅमेऱ्यावर चालत नाही, अशा हौशी छायाचित्रकारांसाठी हे लिहीत आहे.

पहिले काम दुकानात जाण्याचे नाही. आपण गेल्या दोन-तीन वर्षांत काढलेले फोटो संगणकावर उघडावेत आणि त्यांपैकी जे आपण कोणाला तरी दाखवले, छापून घेतले किंवा जपून ठेवले, तेवढेच वेगळे काढावेत. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा, लेन्स, फोकल लेंग्थ (दृश्याचा आवाका ठरवणारा मिलिमीटरचा आकडा), अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार; एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), शटरचा वेग आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) यांची नोंद आपोआप झालेली असते. लाइटरूम हे फोटोंचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर लायब्ररीतील मेटाडेटा फिल्टरमध्ये लेन्स आणि फोकल लेंग्थ हे रकाने निवडले की कोणत्या आकड्याला किती फोटो हे समोर येते. लाइटरूम नसेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘डिटेल्स’ या मांडणीत फोकल लेंग्थचा रकाना जोडता येतो आणि त्यानुसार फाइली क्रमाने लावता येतात. या कामाला एक संध्याकाळ पुरते. माझ्या जपून ठेवलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून अधिक ३५ ते ५० मिलिमीटरच्या मधले निघाले. ७०-३०० ही लेन्स मी इतकी वर्षे वाहिली, पण तिने काढलेले आणि ठेवण्याजोगे फोटो जवळजवळ सगळे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरचे, वन्यजीवांचे होते. आपल्या यादीत वेगळे काही निघेल. ते काहीही निघो, पुढचा प्रत्येक निर्णय त्या यादीवरून घ्यावा, जाहिरातीवरून घेऊ नये.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि इथे बहुतेक जण फसतात. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा लहान का होतो हे समजून घेतले तर तो कुठे लहान होत नाही हेही कळते. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर (चित्र टिपणारा भाग) यांच्या मध्ये हलणारा आरसा असतो आणि वर काचेचे पेंटाप्रिझम असते. आरशाला उघडझाप करायला जागा हवी म्हणून निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. आरसा काढून टाकल्यावर हेच अंतर निकॉनच्या झेड माउंटमध्ये १६ मिलिमीटर, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ आणि फुजीफिल्मच्या एक्स माउंटमध्ये १७.७ मिलिमीटर झाले. म्हणजे बॉडी पातळ झाली. परंतु सेन्सर तेवढाच मोठा राहिला तर त्याच्यावर संपूर्ण प्रतिमा पाडणारी मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स फारशी लहान होऊ शकत नाही. माझेच उदाहरण घ्या. डी७५०ऐवजी २०१८ साली आलेला निकॉन झेड ६ घेतला असता तर बॅटरी व कार्डासह ६७५ ग्रॅम, म्हणजे १६५ ग्रॅमची बचत. पण जुन्या लेन्स वापरण्यासाठी १३५ ग्रॅमचा एफटीझेड अडॅप्टर लावावा लागला असता. एवढा खर्च करून हाती लागले असते तीस ग्रॅम. (त्यातही या अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नसल्याने जुन्या डी मालिकेतल्या लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही, हे ज्यांच्याकडे तशा लेन्स आहेत त्यांनी आधीच लक्षात घ्यावे.) म्हणून बॉडीच्या वजनाची तुलना करू नका, बॉडी, रोज लावणार ती लेन्स, बॅटरी आणि कार्ड हे सगळे मिळून जो आकडा येतो त्याची तुलना करा.

खरा फरक सेन्सर लहान केल्यावर पडतो, आणि त्याची किंमतही तिथेच चुकवावी लागते. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ (कॅननचा थोडा लहान). मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. आणि ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. त्यांचे क्रॉप फॅक्टर अनुक्रमे १, १.५, २ आणि २.७ धरले जातात. हा आकडा फोकल लेंग्थला गुणला की दृश्याचा आवाका कळतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तोच आकडा अ‍ॅपर्चरलाही गुणला की पार्श्वभूमी किती धूसर होईल याचा अंदाज येतो, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. मायक्रो फोर थर्ड्सवरची एफ २.८ ची लेन्स उजेडाच्या हिशेबात एफ २.८ चीच असते, मात्र चेहऱ्यामागची गर्दी ती फुल फ्रेमवरच्या एफ ५.६ इतकीच धूसर करते. अंधारातल्या दाणेदारपणाचा हिशेबही साधारण याच प्रमाणात बिघडतो: एपीएस-सीवर स्टॉपभरापेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) थोडा जास्त, मायक्रो फोर थर्ड्सवर दोन स्टॉप, एक इंचीवर जवळजवळ तीन. आपल्या यादीत एफ १.८ ला काढलेली माणसांची चित्रे भरपूर असतील तर हे मनावर घ्यावे. आपले बहुतेक फोटो एफ ८ ला काढलेल्या वास्तू, रस्ते आणि तलाव यांचे असतील तर हा सगळा वाद आपल्यासाठी नाही, आणि लहान सेन्सरवर निर्धास्त जावे.

यानंतर एक प्रश्न असा, ज्याचे उत्तर सोलापुरात इतर गावांपेक्षा वेगळे येते. कॅमेऱ्याला डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर हवा की मागचा पडदा पुरे? मार्च ते जून या काळात आपल्याकडे सकाळी नऊनंतर उघड्यावर मागच्या पडद्यावर काहीही धड दिसत नाही. दुपारी भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळ उभे राहून पडद्यात पाहिले तर आपलाच चेहरा आणि मागचे आभाळ दिसते. रिको जीआर ३ हा बॅटरीसह २५७ ग्रॅमचा, खरोखर शर्टाच्या खिशात मावणारा आणि एपीएस-सी सेन्सर असलेला कॅमेरा आहे, त्याची लेन्स फुल फ्रेमच्या २८ मिलिमीटरइतका आवाका देते आणि ती उत्तम आहे. तरी व्ह्यूफाइंडर नाही या एका कारणासाठी मी तो घेतला नाही. ज्यांचे फोटो बहुधा घरात, सायंकाळी किंवा प्रवासात निघतात त्यांनी माझे ऐकू नये. सोनी आरएक्स१०० मार्क ७ हा ३०२ ग्रॅमचा कॅमेरा २४ ते २०० मिलिमीटरचा आवाका देतो आणि त्यात वर उचलला जाणारा छोटा व्ह्यूफाइंडर आहे, पण सेन्सर एक इंची. फुजीफिल्म एक्स१००व्हीआय २०२४ साली आला, ५२१ ग्रॅमचा आहे, लेन्स एकच आणि ती ३५ मिलिमीटरच्या आवाक्याची. मी शेवटी फुजीफिल्मचाच एपीएस-सी सेन्सरचा एक्स-टी३० घेतला, जो बॅटरी व कार्डासह ३८३ ग्रॅम भरतो, आणि त्यावर ८४ ग्रॅमची २७ मिलिमीटर एफ २.८ लेन्स लावली. एकूण ४६७ ग्रॅम, आणि दृश्याचा आवाका साधारण ४० मिलिमीटरचा, जो माझ्या यादीशी जुळत होता. झूम हवीच तेव्हा ३१० ग्रॅमची १८-५५ जोडली तरी जोडी सातशे ग्रॅमच्या आत राहते.

पैसे देण्याआधी एक चाचणी फुकट करता येते आणि ती टाळू नये. जो आवाका घ्यायचा विचार आहे, तेवढ्यावर आपल्या सध्याच्या झूम लेन्सचे कडे फिरवावे आणि कागदी चिकटपट्टीने ते तिथेच पक्के करावे. बाकी सगळ्या लेन्स घरी ठेवाव्यात. मग महिनाभर, निदान चार रविवार, तसेच फिरावे. मी नवी पेठेतून लक्ष्मी मंडईकडे आणि तिथून तलावाच्या काठाने सिद्धेश्वर मंदिरापर्यंत असा एकच रस्ता ठरवला होता. पहिल्या रविवारी पट्टी काढण्याचा मोह तीनदा झाला. तिसऱ्या रविवारी झालाच नाही. भाजीवाल्या मावशींचा फोटो घ्यायला दोन पावले पुढे जावे लागते, म्हणजे त्यांच्याशी आधी बोलावे लागते, आणि ते काही वाईट नाही. चार रविवारांनंतरही हात पट्टीकडे जात असेल तर आपल्याला एका लेन्सचा कॅमेरा सोसणार नाही. झूम असलेला घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये.

कॅमेरा हातात आल्यावर पहिला आठवडा चिडचिडीचा जातो. मोठ्या बॉडीची मूठ तळहातात बसत असे, इथे करंगळी हवेत राहते. डावा हात लेन्सखाली आडवा धरावा, कोपरे अंगाला टेकवावीत आणि गळ्यातल्या रुंद पट्ट्याऐवजी मनगटाचा दोर लावावा. वजन कमी असल्याने बटण दाबताना कॅमेरा जास्त हलतो, म्हणून ऑटो आयएसओच्या सेटिंगमध्ये शटरचा किमान वेग १/१२५ सेकंद ठेवावा. दुसरा बदल बॅटरीचा. डी७५०ची बॅटरी कंपन्यांच्या ठरलेल्या मोजणीनुसार १२३० फोटो देते, एक्स-टी३० ची सुमारे ३८० आणि जीआर ३ ची सुमारे २००. कारण मिररलेसमध्ये आपण नुसते पाहत असतानाही सेन्सर आणि पडदा वीज खात असतात. दोन जादा बॅटऱ्या कॅमेऱ्याबरोबरच घ्याव्यात, आणि मे महिन्यात त्या किंवा कॅमेरा दुचाकीच्या डिकीत ठेवून जाऊ नये. पारा बेचाळीस अंशांच्या पुढे असताना उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती तापते हे मी एका बॅटरीच्या बदल्यात शिकलो.

भर उन्हाचा आणखी एक नियम लक्षात ठेवावा. एक्स-टी३० चा सर्वांत कमी आयएसओ १६० आहे. लख्ख उन्हात एफ १६ ला साधारण १/१६० सेकंद लागतो. तिथून लेन्स एफ २.८ पर्यंत उघडली की वेग १/५००० च्या आसपास जातो, आणि या कॅमेऱ्याचे यांत्रिक शटर १/४००० वर थांबते. फोटो पांढुरका का आला याचे उत्तर तेव्हा इथे असते. एकतर एफ ४ वर यावे किंवा इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे.

मात्र इलेक्ट्रॉनिक शटरच्या शांततेवर भाळून ते कायमचे चालू ठेवू नये. ते सेन्सरवरची माहिती वरून खाली ओळीओळीने वाचते आणि तेवढ्या वेळात समोरचे काही हलले किंवा कॅमेरा फिरला तर सरळ वस्तू तिरकी होते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मिरवणुकीबरोबर कॅमेरा फिरवत इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या माझ्या पहिल्या फोटोंत नंदीध्वजाची उंच काठी एका बाजूला कलल्यासारखी दिसत होती; पेलणाऱ्या माणसाने ती अगदी ताठ धरली होती, दोष माझ्या सेटिंगचा होता. दुसरी अडचण दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने चोक असलेल्या ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात; त्यांच्या उजेडात इलेक्ट्रॉनिक शटर आणि वेगवान आकडा एकत्र आले की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये फोटो काढताना यांत्रिक शटर आणि १/१०० किंवा १/५० सेकंद हेच दोन वेग धरून चालावे. मागाचा धोटा त्यात पुसट येईल. येऊ द्यावा, चादर विणली जाते आहे हे त्या पुसटपणातूनच कळते.

शेडचा विषय निघाला म्हणून धुळीचेही सांगतो. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तर आत आरसा आणि त्यामागे बंद शटर असते. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. मागावर सुताचे बारीक तंतू सतत तरंगत असतात, उन्हाळ्यात रस्त्यावरची पांढरी धूळ असते आणि बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा. या तिन्ही ठिकाणी लेन्स बदलूच नये. इतर ठिकाणी बदलताना कॅमेरा आधी बंद करावा, तोंड खाली धरावे, दुसरी लेन्स झाकण सैल करून हाताशी ठेवावी आणि वाऱ्याकडे पाठ करावी. रबरी फुग्याने हवा मारावी, तोंडाने फुंकू नये. लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्याचा हा मोठा फायदा आहे, जरी पुढे येणाऱ्या नळीच्या झूममधून धूळ आत जाऊ शकते.

आता लहान कॅमेरा ज्यात सरस ठरतो ते. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ते आरशातले दृश्य नसून सेन्सरने घेतलेले चित्र असते, त्यामुळे उजेड चुकला आहे हे बटण दाबण्याआधी कळते. त्याच गड्डा यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याच्या वेळी पांढऱ्या बाराबंदीतील माणसे आणि जानेवारीतले स्वच्छ ऊन यांची गाठ पडते. मोठा कॅमेरा एक तर कपडे जाळून पांढरे करी किंवा चेहरे काळे. आता मी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) चालू ठेवतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती फिरवत कपड्यांच्या चुण्या दिसू लागेपर्यंत उजेड उतरवतो आणि चेहरे नंतर रॉ फाइलमधून (सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) वर आणतो. शिवाय गर्दीत लहान कॅमेऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. मोठी लेन्स पाहून लोक बाजूला होत किंवा सरळ उभे राहून पोझ देत. आता ते आपल्या कामात असतात. त्याचबरोबर परवानगी विचारण्याची जबाबदारी वाढते, कारण समोरच्याला आपण फोटो काढतो आहोत हे कळलेलेच नसते. तिपाईही हलकी चालते, आणि शोभेच्या दारूकामाच्या रात्री हे सुख मला कॅमेऱ्याच्या वजनाइतकेच वाटले.

एका ठिकाणी मात्र लहान कॅमेऱ्याने हार मानली. नान्नजला माळढोक अभयारण्यात काळविटांचा कळप दूर उभा असतो, हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी गवतावरून खाली खाली उडतात, आणि तिथे ४० मिलिमीटरच्या आवाक्यात नुसते गवत येते. हलक्या वजनात लांबचे हवे असेल तर मायक्रो फोर थर्ड्सचा विचार जरूर करावा: ऑलिंपसची ७५-३०० मिलिमीटरची लेन्स अवघी ४२३ ग्रॅमची आहे आणि आवाका फुल फ्रेमच्या १५०-६०० चा. पण लांबच्या टोकाला तिचे अ‍ॅपर्चर एफ ६.७ आहे आणि पक्ष्यांची वेळ पहाटेची, त्यामुळे आयएसओ चढतो. पक्षी हाच ज्यांचा मुख्य छंद आहे त्यांनी मोठा कॅमेरा मुळीच विकू नये. मी माझा ७०-३०० सकट ठेवला आहे. तो वर्षातून चार-सहा वेळा बाहेर निघतो, आणि तेव्हा जड वाटत नाही.

संगणकाकडेही आधी एकदा पाहून घ्यावे. नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली जुने सॉफ्टवेअर उघडतेच असे नाही. एकदाच विकत घेतलेले लाइटरूम ६ ज्यांच्याकडे आहे त्यांना २०१७नंतर आलेल्या कॅमेऱ्यांसाठी त्यात आधार मिळत नाही. अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर मोफत आहे आणि त्यातून फाइली बदलून घेता येतात. कार्डांचे दोन कप्पे असलेल्या कॅमेऱ्यावरून एका कप्प्याच्या कॅमेऱ्यावर येणाऱ्यांनी घरच्या लग्नकार्यात मध्येच कार्ड बदलत राहावे, म्हणजे एक बिघडले तरी सगळे जाणार नाही.

विक्रीचा निर्णय दोन महिने लांबवावा. त्या काळात जुना कॅमेरा किती वेळा हातात घेतला हे कॅलेंडरवर टिपून ठेवावे. विकायचे ठरलेच तर बॉडी आणि लेन्स वेगवेगळ्या विकाव्यात, कारण घेणाऱ्याला सहसा दोन्ही नको असतात. शटर किती वेळा उघडले याचा आकडा आधीच काढून ठेवावा; डी७५० चे शटर दीड लाख उघडझापींपर्यंत तपासलेले आहे, आणि घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो. लेन्समधून विजेरीचा प्रकाश आरपार सोडून आत बुरशीचे जाळे आहे का ते स्वतः पाहावे, असल्यास ते सांगून किंमत उतरवावी. मूळ बिल, चार्जर, दोन्ही बाजूंची झाकणे आणि हूड शोधून एका डब्यात ठेवावेत. मी ५० मिलिमीटरची लेन्स विकली तेव्हा मागचे झाकण सापडले नाही म्हणून सौदा आठवडाभर अडला होता. ते अखेरीस त्याच जुन्या बॅगेच्या तळाशी, फ्लॅशच्या कप्प्यात निघाले.